उधन्याची बाळंतपणे आणि सिव्हिलचे दार

सुरतेच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली अशी सलग कामगारवस्ती पसरली आहे. या वस्तीत सरकारी सेवेवर भिस्त असलेल्या घरातले बाळंतपण अडले, की दोनच ठिकाणांची नावे निघतात. एक मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल, सगळ्यांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आणि दुसरे उमरवाड्यातले महापालिकेचे ‘स्मीमेर’. सिव्हिल १९६४ साली सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातूनही अवघडलेल्या बायका तिथेच पाठवल्या जातात. एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद पडेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. तो बंद पडतही नाही. त्याची ताकद मात्र आटू शकते, आणि आटण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्या भिंतींबाहेर, वस्तीतल्या लहान केंद्रांत होते. प्रादेशिक रुग्णालयातली प्रसूतिसेवा कशाने टिकते हे समजून घ्यायचे, तर आधी तिच्या दारापर्यंत कोण, कुठून आणि किती वेळात पोहोचते ते पाहावे लागते.

उधना ही खानदेशाची सुरतेतली पेठ म्हणावी इतकी मराठी वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तापी खोऱ्यातून रेल्वे आली आणि उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव एका रुळावर आले. त्याच रुळावरून शेतमजूर, अल्पभूधारक आणि दुष्काळाने गांजलेली कुटुंबे यंत्रमागांकडे आली. लूमच्या कारखान्याला इथे ‘खाते’ म्हणतात. खात्यात पुरुषांच्या दिवसपाळ्या आणि रातपाळ्या बारा-बारा तासांच्या, आणि घरात बायकांच्या हाती साडीचे धागे कापण्याचे, टिकल्या-खडे चिकटवण्याचे, नगावर मोल मिळणारे काम. बसून, वाकून, मंद उजेडात. गरोदरपणातही ते काम सुटत नाही, कारण ते सुटले तर त्या दिवसाचे पैसे सुटतात.

१ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच राज्यात होते. कामगार स्त्रीला बाळंतपणाची भत्त्यासह रजा देणारा देशातला पहिला कायदा १९२९ साली, हे दोन्ही भाग ज्यात होते त्या मुंबई प्रांतात झाला. त्याच्या विधेयकाला मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलायला हवा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. पुढचा प्रसूती लाभ कायदा १९६१ साली आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. पण हजेरीपटावर नाव असेल तिलाच रजा मिळते. घरी बसून साडी सजवणारीचे नाव कुठल्याच पटावर नसते. म्हणून रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती अनेकदा दमलेली आणि रक्त कमी असलेली असते. हा तिच्या बाळंतपणाच्या धोक्याचा भाग आहे आणि प्रसूतिगृहाला तो वारशाने मिळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातमधल्या गरोदर स्त्रियांपैकी ६२.६ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकल सेलचा आजारही आढळतो. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, आणि गरोदरपणाचा ताण आला की दुखण्याचे झटके व जंतुसंसर्ग वाढतात. सुरतेच्या रुग्णालयातल्या प्रसूतितज्ज्ञाला रक्तगटाइतकीच सिकल सेलची तपासणीही महत्त्वाची वाटते, ती या भूगोलामुळे.

रक्त कमी असलेल्या बाईचे बाळंतपण धोक्याचे का, हे वार सुटण्याच्या क्षणी कळते. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. मूल जन्मल्यावर वार सुटते आणि तिच्या मागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भपिशवी घट्ट आकसली, तर स्नायूंचे धागे त्या वाहिन्यांना पिळून बंद करतात. ती आकसली नाही, मऊ राहिली, तर रक्त वाहतच राहते. याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात आणि मातामृत्यूच्या कारणांत त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. उपचार न मिळाल्यास किती वेळ हाती असतो याचे अंदाज वैद्यकशास्त्रात मांडलेले आहेत. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला सुमारे २ तास, आधीच्या रक्तस्रावाला १२ तास, गर्भपिशवी फाटली तर १ दिवस, रक्तदाब चढून झटके आले तर २ दिवस, मूल अडले तर ३ दिवस, जंतुसंसर्गाला ६ दिवस. अंगात रक्त आधीच कमी असेल, तर ते दोन तासही पुरे मिळत नाहीत.

ही आकडेवारी ध्यानात घेतली की प्रसूतिसेवेचे सगळे नियोजन उलगडते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर ढकलता येते. हाडाच्या अनेक शस्त्रक्रियाही चार दिवस थांबू शकतात. बाळंतपण थांबत नाही, आणि कुणाचे बिघडेल हे आधी ओळखता येतेच असे नाही. सुमारे १५ टक्के गरोदर स्त्रियांना जिवावर बेतू शकणारी गुंतागुंत होते, असे संयुक्त राष्ट्रांचे नियोजन धरते. त्यातल्या अनेक जणी शेवटच्या तपासणीपर्यंत ठणठणीत असतात. म्हणून प्रसूतिसेवा ‘गरज पडेल तेव्हा उभी करू’ अशी ठेवता येत नाही. ती सतत उभी असावी लागते, काहीही घडत नसतानाही. हिशेबनीसाला हे रिकामे बसणे वाया गेलेले वाटते. बाळंतिणीचा जीव मात्र त्या रिकाम्या बसण्यावरच तगतो.

सतत उभे राहण्यासाठी काय लागते? केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे एखाद्या रुग्णालयाला ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणायचे, तर तिथे तीन गोष्टी चोवीस तास हव्यात: सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्ताचा साठा. या तिन्हीपैकी एक गेली की उरलेल्या दोन पांगळ्या होतात. भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर हजर असून उपयोग नाही. रक्त नसेल तर दोघेही असून सिझेरियनला हात घालायचा धीर होत नाही. बाळाला ऊब आणि श्वास देणारी परिचारिका नसेल, तर आई वाचते आणि बाळ जाते.

‘चोवीस तास’ या शब्दांमागचे गणित कागदावर सहसा दिसत नाही. आठवड्यात १६८ तास असतात. एक डॉक्टर आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम करते तेव्हा ४८ तास भरतात. म्हणजे एका खुर्चीसाठी साडेतीन माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर किमान चार. ज्या रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञाचे एक पद आहे आणि ते ‘भरलेले’ आहे, तिथे आठवड्याचे १२० तास ती सेवा प्रत्यक्षात नसते. भूलतज्ज्ञाचे तेच, रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाचे तेच. एक भरलेले पद म्हणजे सेवा, असे अहवालात धरले जाते आणि रात्रीच्या कळा त्या अहवालाबाहेर राहतात.

प्रसूतिसेवा झिजते ती अशी. कुलूप लागत नाही, फलक उतरत नाही. आधी भूलतज्ज्ञाची बदली होते आणि जागा रिकामी राहते. मग सिझेरियन फक्त सकाळी होऊ लागतात. मग ज्यांना सिझेरियन लागू शकेल अशा सगळ्याच बायकांना आधीच पुढे पाठवले जाते, कारण रात्री अडले तर काय करणार? अवघड बाळंतपणे येईनाशी झाल्यावर परिचारिकांचा हातही त्यांतून सुटतो. झटके आल्यावर मॅग्नेशियम सल्फेट किती आणि कसे द्यायचे हे वर्षातून एकदाच करावे लागले, तर हात कापतो. पुढे सोप्या प्रसूतीही कमी होतात, कारण वस्तीत चर्चा होते की ‘तिथं जाऊन काय उपयोग, शेवटी रेफरच करतात’. आणि मग बाळंतपणांची संख्या घटली, हेच कारण दाखवून उरलेली पदेही इतरत्र हलवता येतात. प्रत्येक पायरीवरचा निर्णय त्या-त्या वेळी शहाणपणाचा वाटतो. साखळीच्या टोकाला सिव्हिलच्या प्रसूतिकक्षात एका खाटेवर दोन बायका असतात.

जागतिक पातळीवरही हेच दिसते. अमेरिकेत ग्रामीण भागातल्या निम्म्याहून अधिक रुग्णालयांत आता प्रसूतीची सोय उरलेली नाही. बाळंतपणे कमी, विम्याचे पैसे अपुरे आणि चोवीस तासांची माणसे महाग, अशी त्याची कारणे आहेत. जपानमध्ये निराळ्या कारणाने तडाखा बसला. फुकुशिमा प्रांतातल्या ओनो रुग्णालयात सिझेरियनच्या वेळी एक माता दगावली आणि २००६ च्या फेब्रुवारीत तिथल्या एकट्या प्रसूतितज्ज्ञाला अटक झाली. २००८ साली न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, पण दरम्यान अनेक लहान रुग्णालयांतील डॉक्टरांनी प्रसूती करणेच थांबवले. भारतातही हा धडा मिळालेला आहे. राजस्थानात दौसा जिल्ह्यातल्या लालसोट येथे मार्च २०२२ मध्ये रक्तस्रावाने एक माता दगावली, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि त्या डॉक्टरने स्वतःचे जीवन संपवले. निष्काळजीपणाची चौकशी झालीच पाहिजे. पण जिथे प्रत्येक मृत्यूनंतर पोलिसांची भीती असते, तिथे डॉक्टर अवघड बाई हाताळण्याऐवजी रुग्णवाहिकेत बसवते आणि ती रुग्णवाहिका पुन्हा प्रादेशिक रुग्णालयाच्याच दारात उभी राहते.

वस्तीतून त्या दारापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये थोडे आहे. सिव्हिल उधन्यापासून लांब नाही. पण उधना-लिंबायतच्या मधून रेल्वेमार्ग जातो आणि पलीकडे जायला पूल तरी गाठावा लागतो किंवा गरनाळे, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता. मुसळधार पावसात लिंबायतचे गरनाळे पाण्याने भरते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मिठी खाडी फुगली की आसपासच्या वस्त्यांत खाडीपूर येतो आणि गल्ल्यांतून रिक्षा जात नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला होता. त्या दिवसांतही मुले जन्मत होती. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली तीन प्रकारचे उशीर मांडले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तिथे पोहोचण्यातला, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. गुजरातमध्ये २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेने मधला उशीर बराच कमी केला. पण रुग्णवाहिका पावसातले गरनाळे ओलांडू शकत नाही. म्हणून रेल्वेच्या दोन्ही बाजूंना, पाऊस असो वा नसो, किमान सोपी बाळंतपणे करणारे आणि झटके-रक्तस्रावाचा पहिला उपचार देणारे केंद्र हवे. आणीबाणीच्या नियोजनात हे बहुधा शेवटी आठवते.

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली आले ते नेमक्या या कारणासाठी. त्याच्या मापात सुमारे ५० हजार लोकवस्तीला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र बसते आणि अडीच लाखांना एक सामुदायिक केंद्र. दर हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा कार्यकर्ती आणि गल्लीपातळीवर महिला आरोग्य समिती. सुरत महापालिकेची शहरी आरोग्य केंद्रे उधना आणि लिंबायतमध्ये आहेत, आणि ममता दिवशी तिथे लसीकरण व तपासणी होते. पण सुरतेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख होती आणि २०११ मध्ये सुमारे ४५ लाख. त्यातली काही वाढ हद्दवाढीमुळे झालेली असली, तरी माणसे येण्याचा वेग केंद्रे बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे. भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब सहा महिन्यांत गल्ली बदलते. आशाच्या वहीत लिहिलेली गरोदर बाई पुढच्या भेटीला त्या पत्त्यावर सापडत नाही.

ती सापडत नाही याचे आणखी एक कारण मराठी घरांत आहे आणि ते योजना आखणाऱ्यांनी नीट लक्षात घेतलेले नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी नंदुरबारला, शिरपूरला किंवा पारोळ्याला जाते आणि सव्वा महिना झाल्यावर बाळ घेऊन उधन्याला परतते. नोंदणी आणि पहिल्या तपासण्या गुजरातच्या ममता कार्डावर, बाळंतपण महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयात आणि बाळाचे लसीकरण पुन्हा उधन्यात. उलटही घडते. नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांतून अवघड बाळंतपण सुरतेकडे आणले जाते, कारण तिकडे रस्ता आणि रेल्वे दोन्ही सोयीची आहेत. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. गाडीतून उतरणाऱ्या गरोदर बाईला सीमेशी देणेघेणे नसते. तिच्या कागदपत्रांना असते.

कागदाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. बिहारहून स्थलांतरित झालेल्या गरीब कुटुंबातल्या एका स्त्रीला शिधापत्रिकेवरून उपचार आणि लाभ मिळण्यात अडथळे आले आणि पुढे ती बाळंतपणात दगावली. तिच्यासंबंधीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजी निकाल दिला. माता म्हणून आरोग्यसेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि राज्य बदलले म्हणून योजनांचा लाभ नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याचे वाहन, सारे मोफत. दारिद्र्यरेषेची अट नाही आणि कोणत्या राज्यातली आहे हेही विचारायचे नाही. हा हक्क उधन्यातल्या मराठी बाईला तितकाच आहे जितका सुरतेत जन्मलेल्या गुजराती बाईला. तरीही खिडकीवर आधार कार्डावरचा जळगावचा पत्ता पाहून कुरकुर होते आणि घरची माणसे खासगी नर्सिंग होमकडे वळतात. कर्ज काढून.

खासगीकडे वळवणे हा सरकारी धोरणाचाही भाग राहिला आहे. गुजरातने २००५ च्या अखेरीस पाच जिल्ह्यांत चिरंजीवी योजना सुरू केली आणि पुढे ती राज्यभर नेली. प्रसूतितज्ज्ञ सरकारी नोकरीत येत नाहीत, मग त्यांच्या खासगी रुग्णालयातच गरीब बाईचे बाळंतपण करून घेऊ आणि पैसे सरकार देईल, असा तिचा विचार. सोपे असो वा सिझेरियन, दर बाळंतपणाला सरासरी १,७९५ रुपये एकच ठरवले होते, म्हणजे विनाकारण सिझेरियन करण्याचा मोह राहू नये. योजनेला आंतरराष्ट्रीय कौतुक मिळाले. पण २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, योजनेमुळे रुग्णालयातल्या बाळंतपणांचे प्रमाण वाढल्याचा सबळ पुरावा आढळला नाही. ठरलेला दर परवडेना तेव्हा अनेक डॉक्टर बाहेर पडले. आणि अवघड बाळंतपण आले, की खासगी रुग्णालयही त्या बाईला सिव्हिललाच पाठवत असे. विकत घेतलेली सेवा सोप्या प्रसूतींसाठी उपयोगी पडू शकते, पण कठीण प्रसंगाचा भार शेवटी सार्वजनिक रुग्णालयाकडेच येतो, हे या अनुभवातून दिसते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशभरात खासगी रुग्णालयांत जवळपास ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली आणि सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. एकीकडे चाकू गरज नसताना चालतो आणि दुसरीकडे गरज असूनही वेळेवर मिळत नाही. दोन्हींचा जाच एकाच वस्तीला होतो.

मोठ्या प्रसूतिगृहाचे पैसे अडले की काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली गिरणगावातल्या कामगार स्त्रियांसाठी उभे राहिले. तेही कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या वस्तीसाठीच, आणि कोकण-घाटावरून आलेल्या मराठी बायकांसाठी. जमीन आणि इमारत दानाची, खर्चात महापालिका आणि सरकारचा वाटा करारान्वये. गिरण्या गेल्या तरी रुग्णालय राहिले. मात्र अनुदानाची थकबाकी वाढत गेली आणि जानेवारी २०२० मध्ये औषधे आणि पगार यांसाठीही पैसा उरला नाही. नवे रुग्ण घेणे थांबले. कर्मचारी आणि कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत सुनावले आणि सरकार व महापालिकेने थकीत रकमेतले काही कोटी मोकळे केले. रुग्णालय चालू राहिले. यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. अनेक दशकांपूर्वीचा लेखी करार हाताशी होता, म्हणून मागणी कुणाकडे करायची हे स्पष्ट होते. आणि परिचारिका व वॉर्डबॉय स्वतः बाहेर पडले, म्हणून संकट वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. झिजणाऱ्या लहान केंद्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात.

मग त्या केंद्रांचे संरक्षण कसे व्हावे? काही मार्ग पारखलेले आहेत. जिथे भूलतज्ज्ञ मिळत नाहीत तिथे एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूल प्रशिक्षण देऊन सिझेरियन चालू ठेवण्याची केंद्राची योजना दीर्घकाळ आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांची बदली भूल न लागणाऱ्या जागी झाली की मात्र ते वाया जाते. २०१८ पासून परिचारिकांना सोप्या बाळंतपणांसाठी स्वतंत्र मिडवाइफ म्हणून तयार करण्याचे धोरण आले. ज्या देशांत मिडवाइफ पूर्ण जबाबदारीने काम करतात, तिथे मोठ्या रुग्णालयांवरचा सोप्या प्रसूतींचा ताण कमी असतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने प्रसूतिकक्ष आणि प्रसूती शस्त्रक्रियागृहाचे मोजमाप सुरू केले: पडदे, सोबतीला नातेवाईक, हात धुण्याची सोय, नोंदी.

काही मार्ग फार स्वस्त आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा सुटतात. गर्भपिशवी आकसवणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. सुरतेच्या मे महिन्यात औषधाचा फ्रिज बंद पडला, तर इंजेक्शन दिसायला तेच राहते आणि गुण गमावते. रक्त किती गेले हे नजरेने ठरवले, तर अंदाज अनेकदा कमी पडतो. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात सुमारे दोन लाख बाळंतपणांवर झालेल्या प्रयोगात, खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाईखाली लावून रक्त मोजले आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्रावाचे प्रसंग सुमारे ६० टक्क्यांनी घटले. एका पिशवीची किंमत ती काय. अशी एक पिशवी आणि चालू फ्रिज लिंबायतच्या केंद्रात असला, तर सिव्हिलला जाणाऱ्या रुग्णवाहिकेत एक बाई कमी असते.

भारतात २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. गुजरातचा १६० वरून ५७ वर आणि महाराष्ट्राचा १३० वरून ३३ वर. हे यश आशा कार्यकर्त्या, परिचारिका, १०८ चे चालक आणि रात्रीच्या डॉक्टरांचे आहे. आता उरलेले मृत्यू कमी करणे अधिक कठीण आहे, कारण ते विखुरलेले आहेत आणि बहुतेक वेळा स्थलांतरित, आदिवासी आणि गरीब घरांतले आहेत. कुठे, का आणि कुठल्या उशिरामुळे हे कळण्यासाठी प्रत्येक मातामृत्यूचे परीक्षण करण्याची पद्धत २०१० पासून आहे. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यात दोषारोपाऐवजी सुधारणेवर भर दिला. ज्या बाईची नोंदणी उधन्यात झाली, तपासणी नंदुरबारला झाली आणि शेवट सिव्हिलमध्ये झाला, तिच्या परीक्षणासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच टेबलावर बसायला हवे.

वस्तीतल्या लोकांच्या हाती साधने आहेत. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात आणि वस्तीत महिला आरोग्य समित्या. माहितीच्या अधिकारात विचारायचे प्रश्न मोजके आहेत. गेल्या वर्षी या केंद्रात किती बाळंतपणे झाली, त्यांतली रात्री किती, किती पुढे पाठवली आणि कोणत्या कारणाने, भूलतज्ज्ञाचे पद किती महिने रिकामे होते, रक्ताचा साठा किती दिवस शून्यावर होता. ‘किती पुढे पाठवली’ या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. इतर सर्व आकडे चांगले दिसत असतानाही तो वर चढू लागला, तर केंद्र झिजू लागले आहे असे समजावे. सुरतेत मराठी वस्तीतून आमदार, खासदार आणि नगरसेवक निवडून येतात, आणि हे प्रश्न निवडणुकीच्या सभेत विचारण्याइतके थेट आहेत. ते मराठीत, गुजरातीत किंवा अहिराणीत विचारता येतात. उत्तर मात्र केंद्रनिहाय आणि महिनानिहाय लेखी मागावे.